पत्र्याखालची कोरडी माती

आटपाडीच्या एसटी स्टँडवर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कंडक्टरशी वाद घातला तो पाट्या-वरवंट्यावरून. कंडक्टर म्हणत होता, असले धोंडे टपावर चढवणार नाही. अण्णा म्हणत होते, लेकीचा संसार आहे, धोंडा कुणाला म्हणतोस. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात दलाली करण्यात त्यांचा जन्म गेलेला, त्यामुळे कंडक्टरचं काही चाललं नाही. पाटा टपावर गेला, मी, आमचे हे आणि सहा वर्षांची मनी आत बसलो. गाडी सुटता सुटता अण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, "पाण्याच्या मुलखाला निघालीस, पोरी. नशीब काढलंस. आता रडू नगंस." आई मागे पदर तोंडाला लावून उभी होती. मी रडले नाही. मनी मात्र म्हसवड येईपर्यंत रडली, कारण तिचं करडू मागे राहिलं होतं.

तुम्ही जे तिकडे माणदेशात राहिलात आणि जे माझ्यासारखे पोटापाण्यासाठी बाहेर पडलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. लग्नकार्यात भेटलात की तुम्ही एकच विचारता, पनवेलला करमतं का गं तुला? मी हो म्हणते आणि जेवणाच्या पंगतीकडे वळते. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात एक पत्र्याची शेड आहे. पंगतीत ते सांगत बसले तर मठ्ठा संपून जाईल.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. ह्यांना तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात फिटरची नोकरी लागली आणि आम्ही नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीत दोन खोल्या घेतल्या. तळोज्याकडून वारा आला की कांदा कुजल्यासारखा वास यायचा. हे तीन पाळ्यांत कामाला, त्यामुळे मनीला आणि मला दिवसा कुजबुजत बोलायची सवय लागली. आणि मग पाऊस लागला. मी दुष्काळातली पोर, पाणी वाया जाताना बघवेना. घरातली सगळी पातेली, कळशा, परातसुद्धा गॅलरीत मांडून ठेवली. शेजारच्या म्हात्रेताई या मूळच्या इथल्याच गावच्या, नवीन शहर वसवताना त्यांची शेती गेली आणि त्या आमच्या कॉलनीत राहायला आल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून माझा तो भांड्यांचा बाजार पाहिला. "वहिनी, आता चार महिने हाच हाय," त्या म्हणाल्या. "भांडी झिजून जातील, पानी नाय सरायचा." मी तरी आठवडाभर ती उचलली नाहीत.

मनीला घातलं ती शाळा जवळच होती. इमारत लांबट, पुढे व्हरांडा, त्यापुढे मैदान. जूनच्या सुरुवातीला मैदान बघून मनी खूश झाली होती. पंधरवड्यात त्या मैदानाचं भाताचं खाचर झालं. मधल्या सुट्टीत पोरांनी डबा खायचा, तोंडावर बोट ठेवायचं आणि घंटा होईपर्यंत बाकावर बसायचं, असा नियम. मनीचं बालपण माळावर गेलेलं. आमच्याकडे पोरं उन्हाची वेळ सोडली तर बारा महिने बाहेर असतात, घरात फक्त जेवायला आणि मार खायला येतात. तिला बसवेना. तिच्यासारखी आणखी पन्नास पोरं त्या व्हरांड्यात चोरून पळायची. शहाबादी फरशी ओली, त्यावर चिखलाच्या चपला. एक दिवस पळताना कुणीतरी घसरून दुसऱ्याच्या अंगावर पडलं, खाली मनी होती. कोपराचं हाड मोडलं.

अण्णा बघायला आले ते छत्री न घेता आले, कारण छत्री त्यांच्याकडे कधी नव्हतीच. प्लॅस्टरमधला हात बघितला, खिडकीबाहेर बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हात बरा हुईस्तवर नेतो तिला. इथं कोंडवाड्यात ठेवून काय करायचंय?" ह्यांनाही पटलं. मलाही पटलं, निदान तसं मी म्हणाले. हात दीड महिन्यात बरा झाला. मनी काही आली नाही. गावच्या शाळेतले गुरुजी अण्णांच्या ओळखीचे, त्यांनी तिला वर्गात बसू दिलं. दिवाळीला मी आणायला गेले तर बाईसाहेब कडुनिंबाच्या फांदीवर. खाली उतरायला तयार नाही. वरूनच म्हणाली, "तिकडं बसवून ठेवतात. पावसात खेळायला जागा केलीस तर येईन." अण्णा पायरीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "अट रास्त हाय तिची." पोटच्या पोरीशी आपण वाटाघाटी करतोय, हे कळून मला हसूही आलं आणि एसटीत मी रडलेही. पाण्याच्या मुलखाला येताना आवरलेलं सगळं त्या रात्रीच्या गाडीत निघालं.

परत आल्यावर मुख्याध्यापिका कर्णिकबाईंनी बोलावून घेतलं. जुन्या पनवेलच्या, नऊवारी नेसणाऱ्या, करड्या बाई. "मुलगी येत नाही तर तिचा दाखला घेऊन जा," त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. दाखला काढला की मुलगी गेली, एवढं मला समजत होतं. "येणार आहे ती," मी म्हटलं, "तुम्ही फक्त तिला खेळायला छप्पर द्या." बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पनवेलची मुलं पिढ्यान्‌पिढ्या पावसातच शिकली हो. कुणाला छप्पर लागलं नाही." मी म्हटलं, "मग पालकसभेत विचारू या." पालकसभा म्हणजे काय हे मला तोवर नीटसं माहीतही नव्हतं.

सभेत मी उभी राहिले. मुंबईहून, पुण्याहून बदलून आलेले, ऑफिसला जाणारे पालक पुढे बसलेले. एकजण म्हणाले, शाळेत मुलं अभ्यासाला येतात, खेळायला घर आहे. मी विचारलं, साहेब, तुमच्या दोन खोल्यांत कुठं पळतं तुमचं पोरगं? मागे हशा झाला. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, मुलगी तर यांची इथे नाहीच, मग यांना कशाला हवं? ते लागलं मला. खरं होतं म्हणून जास्त लागलं. तेवढ्यात म्हात्रेताई उठल्या. "नाय म्हनून तर मागते ती," त्या म्हणाल्या. "असती तर गप बसली असती, तुमच्यासारखी. पोरां पावसात वाढतात ते खरां हाय, पन हात मोडून नाय वाढत." सभेत आणखी तीन पालकांनी आपापल्या पोरांच्या पडण्याच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी शाळेच्या समितीने जागा द्यायचं कबूल केलं. बाकी सगळं तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

बघायचं काय, तळोज्याचे अर्धेअधिक फिटर आणि वेल्डर आमच्याच कॉलनीत राहत होते. हे आधी म्हणाले, "एका पोरीपायी शेड बांधतेस का?" पण त्याच संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कडेला खांबांचं गणित मांडत बसलेले दिसले. भंगारातून पाइप आले, पत्रे आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ज्याची ज्या दिवशी सुट्टी तो तेव्हा यायचा. आम्ही बायका चहा करायचो, मुरूम टाकायचो, माती चाळणीने चाळायचो. फरशी नको, माती हवी, असा हट्ट आम्हा देशावरच्या लोकांचा, कारण कबड्डी काय फरशीवर खेळतात? शेड उभी राहिली ती अशी देखणी की दुपारी भाजीवालेसुद्धा तिथे टेकायचे. छप्पर उंच, चारी बाजू मोकळ्या, आणि पश्चिमेकडून झुळूक थेट आत. ह्यांना तर त्या झुळकेचा फार अभिमान. मी अण्णांना निरोप धाडला, पोरगी घेऊन या.

आता तुम्ही माणदेशातली माणसं आहात म्हणून तुम्हालाही यात काही चुकलेलं दिसणार नाही. आम्हालाही दिसलं नाही. आपल्याकडे छप्पर म्हणजे सावली. ऊन अडलं आणि वारा आला की झालं. इथे ज्या बाजूने झुळूक येते त्याच बाजूने पाऊस येतो, आणि तो वरून पडत नाही, आडवा येतो, हे इतक्या लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मग पनवेलचे लोक का गप्प बसले? मी नंतर म्हात्रेताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमाला वाटला, कारखान्यातली मानसां हायत, त्यांना आमच्यापरीस जास्ती कलत असंल."

अण्णा मनीला घेऊन शाळा उघडण्याच्या सुमारास आले. येतानाच सांगून टाकलं, "पंधरा दिवस बघतो. पोरगी सुकली तर संगं घिऊन जाईन." कर्णिकबाईंनी मनीकडून पाढे म्हणून घेतले आणि तिला सरळ दुसरीत बसवलं. मला वाटतं, बाई इतक्या कोरड्या नव्हत्या जितक्या दिसायच्या. आणि मग दोनच दिवसांत पाऊस आला. मधल्या सुट्टीत पोरं ओरडत शेडमध्ये धावली आणि तेवढीच ओरडत बाहेर आली, भिजून. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी. अण्णा माझ्याबरोबर फाटकाशी उभे होते. ते नुसते खाकरले. ते खाकरणं मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कर्णिकबाईंनी आम्हा चार-पाच जणींना आपल्या घरी नेलं. त्यांच्या ओटीच्या पश्चिम बाजूला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधलेली, वरपासून खालपर्यंत. जुन्या पनवेलात घरोघरी पावसाळ्याच्या तोंडावर ती बांधतात. मी गेल्या पावसाळ्यात रोज बाजाराच्या वाटेवर ती बघत होते आणि समजत होते की रस्त्यावरची नजर घरात येऊ नये म्हणून लोक पडदा करतात. मनातून त्यांना थोडी नावंही ठेवत होते. "ही काय आम्ही शोभेला लावतो?" बाई म्हणाल्या, आणि मग एकदम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की आम्हीही हसलो. रविवारी सगळ्यांनी मिळून शेडच्या दोन बाजूंना झापं बांधली. पाणी अडलं. माती कोरडी राहिली.

मग राहिला आवाज. आपल्याकडे पत्र्यावर पाऊस वाजला तर माणूस अंथरुणातून उठून बसतो आणि तो थांबू नये म्हणून देवाला हात जोडतो. इथे तो वाजतो म्हणजे कुणीतरी वरून ज्वारीची पोतीच्या पोती ओततंय, आणि थांबत नाही. शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. कबड्डीचा दम कुणाचा सुटला, कळेना. लपाछपीत ज्याच्यावर राज्य त्याचे आकडे ऐकू येईनात. पोरं भांडायची, तेही ऐकू यायचं नाही, नुसती तोंडं हलताना दिसायची. दोन दिवसांत निम्मी पोरं आपली आपण परत बाकावर जाऊन बसली. घरी मनी ताटात भाकरी चिवडत बसायची. अण्णा तिच्या ताटाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. पंधरा दिवसांतले किती उरले ते मी मोजत नव्हते असं म्हणाले तर खोटं ठरेल.

तोड काढली ती मनीनेच. आपल्या बाजारात भाव तोंडाने कुणी बोलत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. चारी बाजूंनी बकऱ्यांचा आणि माणसांचा गलका, आणि दलाल रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बोटं दाबतात. किती बोटं दाबली, कशी दाबली, त्यावर भाव ठरतो. हात मागे घेतला की सौदा मोडला. वर्षभर दर बाजारी अण्णांच्या मांडीला मांडी लावून बसलेली ती पोर, तिला ते सगळं येत होतं. तिने आधी आपल्या बाकावरच्या मुलीला शिकवलं, मग वर्गाला. कोण बाद, ते खांद्यावर बोटं दाबून सांगायचं. कितीला किती झाले, ते तळहातावर. निकाल मान्य नसेल तर हात मागे घ्यायचा, मग पुन्हा डाव. आठवड्याच्या शेवटी कर्णिकबाईंनी मला व्हरांड्यात बोलावून दाखवलं. पत्र्यावर पावसाचा धिंगाणा, आणि खाली पन्नास-साठ पोरं एक शब्द न बोलता जीव तोडून पळतायत, घामाने भिजलेली, गुडघ्यांना कोरडी माती. सबंध पनवेलात जुलैच्या तोंडावर तेवढीच काय ती कोरडी माती असेल. मला त्या मातीत जाऊन बसावंसं वाटलं.

हल्ली इकडच्याच द्रोणागिरी नावाच्या नव्या वसाहतीत मनीच्या लेकीची शाळा आहे, तिथे मोठं छत घातलेलं मैदान आहे आणि खाली हिरवं रबर. आवाज होत नाही, पाणी येत नाही. मी नातीला आणायला जाते तेव्हा तिथल्या आयांना काही सांगावं असं फार वाटतं, पण त्या मोबाइलमध्ये असतात आणि छत तर आहेच. जे असतं ते कुणीतरी मागितलं होतं, हे कुणाला आठवत नाही आणि आठवायचं कारणही नाही.

तर तेव्हा, ठरलेले पंधरा दिवस संपले त्या दिवशी, अण्णांची गाडी दुपारची होती. आदल्या दिवशीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "जाताना शाळेवरनं जाऊ. पोरीला इचारतो." मनीचे कपडे त्यांनी स्वतः घडी करून आपल्या पिशवीत घातले होते. मी ते बघितलं आणि अडवलं नाही, कारण विचारायचं ठरलं होतं आणि ते तिलाच. मधली सुट्टी चालू होती, पाऊसही. अण्णांनी झापाच्या कडेला उभं राहून हाक मारली. बाजारात त्यांची हाक या टोकाला मारली तर त्या टोकाला माणूस वळायचा. मी त्यांच्या खांद्याशी उभी होते आणि मला ती जेमतेम ऐकू आली. दुसऱ्यांदा त्यांनी मारली नाही. शेडमध्ये गेले, पळणाऱ्या पोरांतून वाट काढत मनीपाशी पोचले. खांद्यावरचा रुमाल काढला, आपल्या आणि तिच्या हातावर टाकला.

त्यांनी काय विचारलं ते मला दिसलं नाही. रुमाल थोडा हलला. मनीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तिने हात सावकाश मागे घेतला, पाठीमागे नेला, आणि तिथे दुसऱ्या हाताने धरून ठेवला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, पण हात तिने पुढे आणला नाही. मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर बोटं दाबली, तिच्यावर राज्य आलं असावं. ती वळली आणि पळाली.

अण्णा रुमाल हातावर तसाच घेऊन उभे राहिले. माझ्या मनात आनंदाचं भरतं आलं होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी खाली बघत होते. बाहेर आले तेव्हा त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि विचारलं, "गाडी कितीची म्हनलीस?" पनवेलच्या स्टँडपर्यंत आम्ही एका छत्रीत गेलो. गाडीत बसायच्या आधी त्यांनी पिशवी उघडली, मनीचे कपडे काढले, माझ्या हातात दिले. त्यातला एक फ्रॉक त्यांनी परत घेतला, तिला आता आखूड होतो म्हणाले, आणि पिशवीच्या तळाशी ठेवला. वर्षभर ते आमच्या दोन खोल्यांना बिऱ्हाड म्हणत आले होते. बिऱ्हाडात पाणी येतं का, बिऱ्हाडाचं भाडं काय. त्या दिवशी खिडकीतून म्हणाले, "जा आता घरी. पोरगी यायची येळ झाली."

तर करमतं का, याचं उत्तर असं आहे. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. माझं घर पनवेलला आहे, आणि ते मला माझ्या बापाने रिकाम्या हाताने परत जाऊन दिलेलं आहे. इथे मला फार सुख लागलं, आणि त्यातल्या प्रत्येक सुखात त्यांचं काहीतरी घेतल्यासारखं अजून वाटतं.